मेजरचा तीनशे चाळिसाचा हट्ट

आमच्या वस्तीवर कुणाला हिंदीतून फोन आला की तो माणूस बोलत नाही, पळतो. हातात फोन तसाच चालू, तोंडानं "थांबा हां, थांबा हां" आणि पाय नाथाजी मेजरच्या घराकडे. बँकेचा फोन असो, गॅसचा असो, पीक विम्याचा असो नाहीतर कुणी चुकून लावलेला असो, मेजर तो कानाला लावणार, पाठ ताठ करणार आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार, "हां जी, कौन बोल रहा है? अपना नाम बताओ, काम बताओ!" निम्मे लोक तिथंच फोन ठेवून देतात.

मेजर म्हणजे खरं तर हवालदार. फौजेच्या सिग्नल खात्यात उमेदीची वर्षं काढली आणि पेन्शन घेऊन घरी आले. पण आटपाडीच्या या अंगाला फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला सरकारचा हुकूम लागत नाही. फौजेनं त्यांना दोन सवयी लावून पाठवलं. एक म्हणजे ऐकलेलं सगळं मोठ्यानं परत म्हणायचं, म्हणजे निरोपात चूक होत नाही. माझ्या दुकानात येऊन दोन किलो साखर सांगायचे आणि मी गप्प मापायला लागलो की म्हणायचे, "नानासो, परत बोल." मी म्हणायचो, "मेजर, मी काय शिमेवर हुबा हाय का? दोन किलो साखर! दोन किलो साखर! झालं समाधान?" मला राग लवकर येतो, हे आधीच सांगतो. तीस वर्षं वस्तीवर किराणा दुकान चालवा, तुम्हालाही येईल.

दुसरी सवय म्हणजे लोकांच्या पैशाला स्वतःच्या पैशापेक्षा जपायचं. गणपतीची वर्गणी असो नाहीतर एखाद्याच्या दहाव्याचा खर्च, पैसा मेजरकडेच. कुणी पावती मागत नाही. उरलेले सुटे पैसेसुद्धा हा माणूस घरोघर फिरून परत देतो आणि देताना वर चहाही घेत नाही.

म्हणून तर पाइपलाइनचा पैसा त्यांच्या खात्यात गेला. योजनेचं पाणी कालव्याला येतं, पण कालवा आणि आमची शेतं यांच्यामध्ये उघडा माळ. अकरा घरांनी मिळून माळावरून पाइप आणायचा ठरवला, घरटी वीस हजार. सोसायटी काढा, शिक्के करा, सामाईक खातं काढा म्हटलं असतं तर पाण्याची ही पाळी गेली असती आणि डाळिंबाचा बहार उभा वाळला असता. सगळे म्हणाले, मेजरच्या खात्यावर टाका. टाकले. मीही टाकले. जेसीबीवाला सोमवारी येणार होता आणि त्याला पैसे रोख टिच्चून द्यायचे होते.

आता पाणी म्हटलं की भावाभावात डोकी फुटतात. कुणाच्या पाळीला किती पाणी गेलं हे मोजायला पाइपच्या तोंडाशी मीटर पाहिजे, असं मेजरनी काढलं. मीटर ऑनलाइन स्वस्त मिळत होतं. त्यांनी वस्तीच्या पैशातून ऑर्डर केलं, घरपोच आणायचे, म्हणजे डिलिव्हरीचे, तीनशे चाळीस वेगळे भरले, आणि तिथून आमच्या डोक्याला ताप सुरू झाला.

रोज सकाळी मेजर माझ्या दुकानाच्या पायरीवर यायचे, कारण वस्तीवर रेंज तिथंच चांगली. फोन डोळ्यापासून लांब धरून ओरडायचे, "मीटर साताऱ्यात आलंय!" दुसऱ्या दिवशी, "सांगलीत पोचलं!" तिसऱ्या दिवशी जरा खालच्या आवाजात, "परत साताऱ्याला गेलं रं." मी म्हणालो, "त्याला एक म्हाबळेश्वर दावून आणा म्हणावं, लांबनं आलंय बिचारं." दोनदा तारीख टळली. शेवटी मेजरनी ऑर्डर रद्द केली, एस्टीनं सांगलीला गेले आणि दुकानातून मीटर उचलून आणलं.

रद्द केलेल्या मीटरचे पैसे परत आले. तीनशे चाळीस आले नाहीत. फोनवर लिहून आलं, डिलिव्हरीचे पैसे परत मिळणार नाहीत.

"एस्टी आलीच न्हाई तर तिकीट कशाचं?" मेजर मला विचारत होते, जणू कंपनी माझ्या काकाची.

"जाऊ द्या की मेजर. खिशातनं टाका."

"का म्हनून? खिशातनं टाकलं म्हंजे मी गिळलं असं कबूल केल्यागत हुतं."

आणि बरोबर तिथंच कोंडीबानं बोट घातलं. कोंडीबा म्हणजे वस्तीवरचा खवचट माणूस. आधी तो असा नव्हता, पण गेल्या दिवाळीपासून काय बिनसलं होतं कोण जाणे, प्रत्येक गोष्टीत रुपया-रुपया विचारायला लागला होता. गुरुवारी संध्याकाळी पाण्याच्या टाकीखाली आम्ही बसलो असताना मेजरनी हिशोब तोंडी सांगितला, आणि कोंडीबा म्हणाला, "आन ते तीनशे चाळीस कुठं गेलं, मेजर? पैसा हाय बाबा. आज तीनशे चाळीस, उद्या तीन हजार चारशे."

कुणीतरी हसलं. मेजर हसले नाहीत. त्यांची मान लाल झाली. "सोमवारच्या आत तीनशे चाळीस खात्यावर दिसत्याल," एवढंच बोलले आणि चपला शोधायला लागले. त्यांच्या पायाला चप्पल सापडेना. मला त्या कोंडीबाच्या थोबाडात ठेवून द्यावीशी वाटली, खरं सांगतो.

शुक्रवारी दुपारी मी चहापूड आणि साबण द्यायला मेजरच्या घरी गेलो. आत त्यांची कारभारीण रंगूबाई पाय पसरून मटकी निवडत बसल्या होत्या. गुडघ्यांमुळं त्यांना मांडी घालता येत नाही. सून अंकिता आटपाडीला शाळेवर शिकवायला गेलेली. मुलगा जयराज फौजेत, जम्मूकडे. मेजर ओसरीवर बाजेवर बसले होते आणि फोन लाऊडस्पीकरवर होता.

मला त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं. कंपनीचा नंबर कंपनीच्या अॅपमध्ये सापडेना, म्हणून त्यांनी इंटरनेटवर शोधला होता आणि पहिला दिसला तो लावला होता.

"हवालदार नाथाजी, सिग्नल्स, रिटायर्ड, बोल रहा हूँ!" मेजर गरजले. "मेरा तीनशे चालीस रुपया डिलिव्हरी चार्ज वापस करने का!"

पलीकडे जरा थांबून आवाज आला, "जय हिंद साब!"

मेजरची पाठ आणखी ताठ झाली.

"साब, मैं भी फौजी हूँ. नायक से रिटायर हुआ. अब इधर कंपनी में लगा हूँ. फौजी का पैसा है ना साब? एक रुपया अटकने नहीं दूँगा."

मेजर बाजेवरून उभे राहिले. खरोखर उभे राहिले! फोन छातीशी दाबून मला म्हणाले, "आपला मानूस हाय, नानासो." त्यांचं तोंड असं उजळलं होतं की काल टाकीखाली खाली घातलेली मान ती हीच का, असं वाटावं. मलाही बरं वाटलं. म्हटलं, मिळू दे एकदाचे ते तीनशे चाळीस, आमचे कान तरी सुटतील.

"साब, व्हॉट्सअॅप पे एक फाइल भेजा है. उसको दबाइए."

"फाइल दबाया," मेजरनी परत म्हटलं.

"अब यस, यस करते जाइए."

"यस. यस. यस."

"शाबाश साब. अब अपना बँक वाला अॅप खोलिए."

"बँकवाला अॅप खोला."

खात्यातली शिल्लक पडद्यावर आली. अकरा घरांचे पैसे आणि मेजरची पेन्शन. पलीकडचा माणूस एकदम गप्प झाला. त्याला आमचा पडदा दिसत होता, हे आम्हाला नंतर कळलं. पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी लोण्यासारखा मऊ झाला होता.

"साब, आपके घर में कौन कौन है? बेटा भी फौज में? वाह साब, वाह. अब ऐसा कीजिए, जहाँ अमाउंट लिखा है, वहाँ रिफंड कोड डालना है. बोलिए मेरे साथ. नौ, नौ, आठ, शून्य, शून्य."

"नौ, नौ, आठ, शून्य, शून्य," मेजर मोठ्यानं म्हणत बोटानं दाबत होते.

मी वाकून बघितलं. पैशाच्या रकान्यात नव्व्याण्णव हजार आठशे लिहिलेलं दिसत होतं. 

"मेजर, ह्यो कोड लय मोठा हाय की ओ."

"कोड हाय त्यो, पैसं न्हवं."

"बिलकुल साब, कोड है," फोनमधला माणूस लगेच म्हणाला. मराठी कळत होतं हरामखोराला. "अब बस अपना पिन डालिए. पिन डालते ही पैसा आ जाएगा."

आता मी उठलोच. "मेजर, माझ्या दुकानात दिसभर लोकं फोननं पैसं देत्यात. पैसं यायला मी कवा पिन दाबलाय? पिन दाबला की पैसं जात्यात!"

"दुकानाचं येगळं, नानासो. ह्ये रिफंड हाय."

"आवं पर..."

"गप ऱ्हा रं जरा!" मेजर माझ्यावर खेकसले. आयुष्यात पहिल्यांदा. "फौजी मानूस हाय त्यो. फौजी फौजीला फसवत न्हाई. तुला न्हाई कळायचं त्ये."

मला असा संताप आला की उठून निघून जावं. पण पाय निघेनात, कारण त्या पडद्यावर माझे वीस हजारही होते. मी त्यांचा हात धरायला गेलो तर त्यांनी हात झटकला. फोनमधला माणूस घाई करत होता. "साब, जल्दी कीजिए, टाइम आउट हो जाएगा, फिर पंद्रह दिन पैसा नहीं मिलेगा." मेजरनी पिनचे पहिले आकडे दाबले. त्यांचा अंगठा जाड, दाबताना ते प्रत्येक आकडा ओठांतल्या ओठांत म्हणत होते.

तेवढ्यात आतून रंगूबाईंचा आवाज आला. चढा नाही, साधाच, मटकी निवडता निवडता.

"आवं, यवढा आपला मानूस हाय तर त्याचा आर्मी नंबर इचारा की. आपल्या जयराजला सांगू, वळख निघंल."

खरं सांगतो, त्या माउलीच्या मनात संशयाचा लवलेशही नव्हता. तिला आपली ओळख काढायची होती. आपल्याकडे दोन माणसं भेटली की गाव कोणतं, पाहुणे कोण, हे विचारल्याशिवाय घोटभर पाणी पीत नाहीत. फौजेच्या घरातलं गाव-पाहुणे म्हणजे तो नंबर.

मेजरचा अंगठा थांबला. "हां, बरोबर," ते म्हणाले. "जवान, अपना आर्मी नंबर बताओ."

पलीकडून नुसती खरखर.

"जवान?"

"साब, वो... चार साल हो गया ना रिटायर होके. याद नहीं."

मेजरनी फोन कानाशी नेला. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मग ते हळू आवाजात म्हणाले, "फिर से बोलो."

"नंबर याद नहीं है साब. आप पिन डालिए ना."

ज्याच्या घरात फौजी नाही त्याला हे कळणार नाही, म्हणून सांगतो. फौजी माणूस स्वतःचा वाढदिवस विसरेल, बायकोचं माहेर विसरेल, पण आपला नंबर विसरत नाही. भरती झाल्या दिवसापासून तो नंबर त्याच्या नावाच्या आधी येतो. मेजरना एकदा टायफॉइड झाला होता, ताप डोक्यात गेला होता. नर्सबाईंनी नाव विचारलं तर त्यांनी नंबर सांगितला. रंगूबाईंना नवऱ्याचं नाव आजही तोंडानं घेववत नाही, पण नंबर मात्र कॅन्टीनच्या खिडकीवर, दवाखान्यात, पेन्शनच्या हापिसात इतक्या वेळा सांगितलाय की त्या झोपेतसुद्धा चुकायच्या नाहीत. आणि हा गडी म्हणतो, याद नहीं!

मेजरनी फोन कट केला. 

लगेच फोन वाजायला लागला. पुन्हा कट. पुन्हा वाजला. आणि मग पडद्यावरची चित्रं आपोआप सरकायला लागली, कुणी हातही लावला नसताना. मेजर त्या फोनकडे साप बघावा तसे बघत राहिले. मी ओरडलो, "बंद करा! आवं, फोन बंद करा!" त्यांना बटण सापडेना. मीच हिसकावून घेतला आणि बाजूचं बटण दाबून धरलं. किती वेळ लागतो हो त्या फोनला मरायला! शेवटी पडदा काळा झाला.

पण पैसे होते का गेले, ते कुणाला माहीत? फोन चालू केल्याशिवाय कळणार नाही आणि चालू करायची छाती होईना. बँक आटपाडीला. मी गाडी काढली. मेजर मागं बसले. रस्ताभर मी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मेजरचाही केला. "फौजी फौजीला फसवत न्हाई म्हनं! कोन कुठला, न देखला न भाला, जय हिंद म्हनला की झालं?"  एकदा वाटलं मेजर पडले की काय, म्हणून मागं हात करून बघितलं. होते. माझ्या शर्टाला घट्ट धरून बसले होते, लहान पोरासारखे.

बँकेत खिडकीवर एक मुलगी होती, वल्लरी नावाची पाटी लावलेली. ज्या माणसानं अख्ख्या वस्तीचे फोन गाजवले, त्याच्या तोंडातून तिच्यापुढं शब्द फुटेना. "ते... खातं... बंद..." एवढंच. मग मीच सगळं ओकून टाकलं. तिनं आधी खातं गोठवलं, मग बोटं चालवत पडद्याकडे बघत राहिली. एवढा लांब वेळ मला माझ्या बापाच्या आजारपणातही वाटला नव्हता. माझ्या डोळ्यापुढं सोमवारचा जेसीबी नव्हता, टाकीखाली बसलेली अकरा घरं होती आणि त्यांच्यापुढं उभे मेजर.

"आहेत, काका," ती म्हणाली. "सगळे आहेत. पिन पूर्ण झाला नव्हता."

मेजरनी तिला ते परत म्हणायला लावलं. तिनं त्यांना पाणी दिलं, सायबरच्या हेल्पलाइनला तक्रार लावून दिली, फोनमधली ती फाइल आणि तिनं गुपचूप चढवलेलं अॅप काढून टाकलं, पिन बदलून घेतला आणि मग खातं पुन्हा मोकळं केलं. शेवटी म्हणाली, "रोज कुणीतरी येतं, काका. पण पैसे गेल्यावर येतं. तुम्ही आधी आलात. आणि खूपजण तर येतच नाहीत."

"का?" मी विचारलं.

"लाज वाटते," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आलो तर रंगूबाई दारातच उभ्या. पैसे आहेत म्हटल्यावर त्यांनी देवाला हात जोडले आणि लगेच आवाज खाली केला. "आता ह्यो इषय हितंच पुरा. कुनाला कळाय नगो. नानासो, तुमी बी तोंड उघडायचं न्हाई."

"म्या कशाला उघडतोय वैनी? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मेजर बाजेवर बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मूठ माझी न्हाई, नानासो. त्यातलं पैसं वस्तीचं हायत."

"मग? गेलं न्हाईत ना?"

"मी द्याय निघालो हुतो की."

"निघाला हुता, दिलं न्हाईत!"

"तू म्हनलास, पिन कशाला. मी तुझ्यावर वरडलो." ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. "उद्या टाकीखाली सांगनार मी सगळ्यांस्नी. मग ज्याला आपला वाटा काढून न्ह्यायचा त्यानं न्ह्यावा."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "मेजर, तुमास्नी कळतंय का? सोमवारी जेसीबी दारात यायचाय! लोकांनी पैसं काढून घेतलं तर पाइप गेला, पानी गेलं, बहार गेला! आन त्यो कोंडीबा! त्यो तर तुमास्नी जित्ता सोडायचा न्हाई!"

"व्हय," मेजर म्हणाले. "पर मला ठावं असून गप बसलो, तर त्यो काल बोलला ते खरं हुतंय."

रंगूबाई आत गेल्या आणि स्टोव्ह उगाच जोरजोरात पंप करायला लागल्या.

संध्याकाळी अंकिता शाळेतून आली. तिला सगळं सांगितल्यावर तिनं आधी सासऱ्यांसाठी चहा टाकला, मग त्यांच्या फोनवर कंपनीचं स्वतःचं अॅप उघडून त्यातच कंपनीला लिहायची जागा काढली. इंटरनेटवर नंबर शोधायचाच नाही, म्हणाली, अॅपच्या आतून बोलायचं. तिनं लिहिलं की आम्ही हौसेनं ऑर्डर रद्द केलेली नाही, तुम्ही दोनदा तारीख चुकवली, माल दारात आलाच नाही, मग डिलिव्हरीचे पैसे का घेता? पहिल्यांदा तेच ठरीव उत्तर आलं. तिनं पुन्हा लिहिलं, तारखांची चित्रं जोडली आणि ग्राहक मंचाचं नाव घेतलं. चहा निवायच्या आत उत्तर आलं, रक्कम काही दिवसांत खात्यावर जमा होईल.

"यवढंच?" मेजर म्हणाले.

"एवढंच, मामा."

मेजरनी कपातला चहा तसाच ठेवला.

शनिवारी संध्याकाळी टाकीखाली सगळी अकरा घरं जमली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मी मुद्दाम मागं बसलो, म्हणजे कुणी अंगावर धावून गेलं तर मध्ये पडता येईल. मेजर उभे राहिले. फौजेतला जुना हिरवा स्वेटर घातला होता, उकडत असताना. आणि त्यांनी सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. तो जय हिंद म्हणाला तेव्हा आपण बाजेवरून उठून उभे राहिलो, हेही सांगितलं. नानासोनं अडवलं, मी ऐकलं नाही, हे सांगितलं. पिन अर्धा दाबला होता आणि बायकोनं ओळख काढायला नंबर विचारला म्हणून वस्तीचा पैसा वाचला, हे सांगितलं.

"ते तीनशे चाळीस अंकितानं मिळवलं," शेवटी म्हणाले. "मी मिळवलं न्हाईत. आता ज्याला भरवसा वाटत न्हाई, त्यानं आपला वाटा न्ह्यावा. मी सोमवारी सकाळी बँकेतनं काढून हातात दीन. कुनाचा राग न्हाई."

  अकरातल्या एका घरचा गुंडा नावाचा गडी पुटपुटला, "वीस हजार म्हंजे काय खायचं काम न्हाई." त्याच्या शेजारचा म्हणाला, "आपलं आपल्याकडं असल्यालं बरं." एकानं मान हलवली, मग दुसऱ्यानं. मला कळलं, आता वाहायला लागलं, आता थांबत नाही. मेजर तसेच उभे होते, हात मागं बांधून.

तेवढ्यात कोंडीबा उठला.

मी दात खाल्ले. म्हटलं, आला, आता याला जोर येणार. मीही उठलो.

"पैसं मेजरकडंच ऱ्हाऊ द्या," कोंडीबा म्हणाला.

सगळी माणसं त्याच्याकडे बघायला लागली. गुंडा म्हणाला, "आरं तूच तर परवा तीनशे चाळिसावनं..."

"व्हय, म्याच." कोंडीबाचा आवाज त्याच्या नेहमीच्या आवाजासारखा नव्हता. "मेजरनी सांगितलं. न सांगून भागलं असतं, तरी सांगितलं. मला न्हाई सांगाय जमलं."

"काय सांगाय?"

कोंडीबानं टोपी काढली, पुन्हा घातली. "दिवाळीच्या आदी फोन आला हुता. म्हनला, लाइटबिल थकलंय, आज लाइन तोडनार. म्या म्हनलं, भरतो बाबा. त्यानं सांगितलं तसं दाबत गेलो. साठ हजार गेलं." तो खाली बघत होता. "बँकेत बी गेलो न्हाई. कुठल्या तोंडानं जायाचं? अंगठाभाद्दर न्हाई मी, सातवी शिकलोय. कर्जाचा हप्ता भरायचा हुता, म्हनून म्हस इकली."

कोंडीबाची म्हैस सगळ्या वस्तीला माहीत होती. चंद्राबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ती रेडकू असल्यापासून हातावर वाढवली होती. चारा परवडत नाही म्हणून विकली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. तिलाही तेच सांगितलं होतं. व्यापारी म्हैस न्यायला आला त्या दिवशी चंद्राबाई गोठ्यातून बाहेर आली नव्हती, आणि नंतर कितीतरी दिवस माळावरून चारा कापून आणायची आणि रिकाम्या दावणीपुढं टाकायची. आम्ही म्हणायचो, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

बायकांच्या घोळक्यातून चंद्राबाई उठली. ओरडेल, रडेल, शिव्या देईल असं वाटलं. ती चालत पुरुषांच्या बाजूला आली, कोंडीबाच्या समोर उभी राहिली. बायकांनी असं मध्ये येण्याची आमच्याकडे रीत नाही, पण कुणी तिला हटकलं नाही.

"मला वाटलं, चारा मीच कमी पाडला," ती म्हणाली. "दिवाळीपास्नं मला झोप न्हाई. मला सांगितलं असतं, तर म्या काय तुमास्नी खाल्लं असतं व्हय?"

कोंडीबानं टोपी पुन्हा काढून हातात धरली. त्या संध्याकाळी आपला वाटा परत मागायचं नाव मग कुणीच काढलं नाही, गुंडानंही नाही.